आईवर गेलेल्या मुलीचा ओटा

वाळू गवंड्याकडे मोजायची टेप होती, पण ती खिशातच असायची, नुसती सोबतीला. स्वयंपाकाचा ओटा बांधायचा तर तो घरच्या बाईलाच पुढ्यात उभं करी आणि म्हणे, "ताई, हवेतच जरा कणीक मळा." बाई लाजत लाजत हवा मळू लागली की तिच्या कोपराखाली चार बोटं सोडून हा भिंतीवर खडूची रेघ मारी. सिल्वासात तीस वर्षांत असे किती ओटे झाले, त्याचं त्यालाही ठाऊक नाही. एकाही बाईची पाठ दुखली नाही, एवढं मात्र तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगे.

त्याची मुलगी सरिता सायली गावच्या सूत कारखान्यात कामाला. लग्नानंतर तिनं आणि नवनाथनं मसाटला दोन खोल्या घेतल्या, तेव्हा ओटा बापानंच बांधायचा, यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. अडचण एवढीच की सरिताची ड्यूटी दिवसभराची. हवा मळायला ती हजर नव्हती. वाळूला त्याची फिकीर वाटली नाही. पोरगी आईवर गेलीय, हे त्यांच्या किलवणी गावात कोणीही सांगितलं असतं. तेच नाक, तोच आवाज, रागावली की तीच एक भुवई वर. त्यानं बायकोला, तानूबाईला, घरच्या घरी उभं केलं, माप घेतलं, आणि मसाटला बरोब्बर चार वितींचा, वर काळा कडप्पा लावलेला देखणा ओटा उभा राहिला.

महिन्याभरानं तानूबाई लेकीकडे राहून आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "ओटा माझा झालाय, तिचा नाही. पोरगी पाय फाकवून भाकरी थापते आणि मग कंबर धरून बसते. तुम्हाला सांगू नको म्हणालीय."

वाळू जेवला नाही. तीस वर्षांत ओट्याला कोणी नावं ठेवली नव्हती, आणि ठेवली ती पोटच्या पोरीनं, तेही न बोलता. एका बोटाचा जरी फरक निघाला तरी थापी कायमची खाली ठेवीन, असं त्यानं जाहीर केलं. तानूबाई म्हणाली, आधी बघा तर खरं.

रविवारी दोघं मसाटला गेली. सरितानं पुष्कळ सांगितलं की आबा, मला सवय झालीय, राहू दे. नवनाथही मान डोलावत होता. वाळूनं दोघांना गप्प बसवलं आणि लेकीला ओट्यापुढे उभं केलं.

"मळ."

ती हवा मळू लागली. वाळूनं कडप्प्यावर चार बोटं टेकवली. कोपर कुठल्या कुठे. त्यानं आठ बोटं लावून पाहिली. शेवटी पंजा ताणला, तेव्हा कुठे करंगळी कोपराला लागली. चार बोटांच्या जागी अख्खी वीत!

त्यानं मायलेकींना शेजारी उभं केलं. तानूबाईचं डोकं लेकीच्या खांद्याशी. मग तो स्वतः उभा राहिला आणि त्याला मान वर करावी लागली. किलवणीच्या घरात सरिता कायम ठेंगण्या दारातून वाकून आत यायची, बसून बोलायची, जाताना पाया पडायची. सरळ उभी अशी त्यानं तिला कधी बघितलंच नव्हतं.

"ही आईवर नाही गेली," तो पुटपुटला, "आईच्या वर गेली."

"वर गेली काय म्हणता," तानूबाई फटकारून म्हणाली, "चांगलं बोला."

दुपारी तो नाक्यावर विटा आणायला गेला आणि बराच वेळ परतलाच नाही. बाजाराला आलेल्या मायलेकी बघत उभा होता. बहुतेक सगळ्या लेकी आयांपेक्षा चार बोटं तरी उंच.

"आपण हिला वेगळं काय घातलं गं?" आल्यावर त्यानं विचारलं.

तानूबाईनं आठवून पाहिलं. अंगणवाडीतला खाऊ, शाळेतली खिचडी, दंडाला टोचलेल्या सुया. भाकर तर तीच, नागलीची.

वाळूला भिंत कशी वर जाते ते माहीत होतं. प्रत्येक विटेमागे घाम असतो. आणि इथे ना परांची बांधली, ना ओळंबा सोडला, तरी एवढं सरळ काम त्याच्या घरात उभं राहिलं होतं, आणि गवंड्यालाच पत्ता नव्हता.

थापी खाली ठेवायचं तो विसरला. कडप्पा अलगद उचलून त्यानं विटांचे दोन थर चढवले.

पुढच्या रविवारी सिमेंट वाळलेलं होतं. तानूबाई सवयीनं परात घेऊन उभी राहिली, तर ओटा तिच्या छातीशी. सरितानं तिच्या हातातली परात काढून घेतली.

"तू बस, आई."

तानूबाई भिंतीला टेकून बसली. वाळूही शेजारी बसला. सरिता ताठ उभी राहून भाकरी थापू लागली, आणि दोघं माना वर करून बघत राहिली.