सातवं पाकीट

माझा धाकटा मालिका लिहितो, असं मी लोकांना सांगते. खरं तर तो दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करतो. ऑफिसात त्याला ‘खोडरबर’ म्हणतात. मेलेलं पात्र चुकून पुढच्या भागात बोलायला लागलं, की खोडरबरला हाक. पडद्यावर नाव मात्र येत नाही. बारा वर्षं झाली, शेवटची अक्षरं सरकून जाईपर्यंत मी टीव्हीसमोरून उठत नाही.

तो दुसऱ्या शहरात एका खोलीत राहतो. खिडकीसमोर भिंत. मी गेले तेव्हा मला कपात चहा दिला आणि स्वतः वाटीतून प्यायला, कारण कप एकच. मित्र आहेत का विचारलं, तर म्हणाला, “आहेत की. सगळे कामात असतात.”

स्वतःच्या गोष्टी तो सुट्टीच्या दिवशी हातानं लिहितो. ऑफिसच्या संगणकावर लिहिलं की ते ऑफिसचं होतं, असं त्याचं म्हणणं. लिहून झालं की कागद जाड पाकिटात घालायचे, चिकटवलेल्या जागेवर सही करायची आणि रजिस्टर पोस्टानं स्वतःच्याच नावे माझ्या पत्त्यावर पाठवायचे. उद्या कोणी गोष्ट उचलली, तर शिक्क्यावरची तारीख दाखवता येईल.

“आई, काहीही झालं तरी फोडायचं नाही. फोडलं की संपलं.”

पोस्टमन एकदा म्हणाला, “यांचं स्वतःशी बरंच बोलणं असतं वाटतं.” मी हसले. दार लावल्यावर मात्र पाकिटावरचं त्याचं नाव पुन्हा वाचलं.

गेल्या वर्षी अकरा दिवस त्याचा फोन लागला नाही. ऑफिसात विचारलं, तर कोणीतरी म्हणालं, “रजेवर असेल.” त्यातच सातवं पाकीट आलं. आत निदान एखादी चिठ्ठी असेल, म्हणून मी ते वाफेवर धरलं. चिठ्ठी नव्हती. गोष्ट होती. बंद पडलेल्या टेलिफोन केंद्रातली एक ऑपरेटर रोज कामावर येते आणि स्वतःच्याच रिकाम्या घरी फोन लावून वाजणारी घंटी ऐकत बसते. मी ती उभ्याउभ्याच वाचली. मग डिंक लावून पाकीट बंद केलं. सहीची शेपटी केसभर सरकली. बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. ताप होता, म्हणाला. पाकिटाचं मी बोलले नाही.

आता ती ऑपरेटर एका मालिकेत आली आहे आणि लेखक म्हणून त्याच्या साहेबांचं नाव आहे. त्यानंच कधीतरी चहा पिताना त्यांना गोष्ट सांगितली होती. त्यानं दावा लावला. त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, “पाकीट शाबूत आणा. आपण त्याच्यावरच उभे आहोत.”

शनिवारी तो पाकीट न्यायला आला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला लागला. गप्प राहिले असते, तर सगळ्यांसमोर तो खोटा ठरला असता.

“अरे, ते फोडलेलं आहे.”

त्यानं पाकीट उजेडाकडे धरलं, सहीवरून नख फिरवलं. “कधी?”

“तुझा फोन लागत नव्हता तेव्हा.”

तो उठून बाल्कनीत गेला. वकीलबाईंशी फोनवर चाललेलं त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. “नाही, चुकून नाही. आईनं. बरं. मग राहू द्या. मागे घेऊ.”

आत येऊन तो खुर्चीवर बसला. म्हणाला, “वाचलीस?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”

“आत्तापर्यंत कोणीच वाचलेली नाही. साहेबांनीसुद्धा नुसती ऐकली. कशी आहे?”

मी म्हटलं, “शेवटी एकदा तरी कोणीतरी फोन उचलायला हवा होता.”

“तिच्या घरी कोणी नाही, आई.”

“म्हणूनच म्हणते.”

त्यानं पाकीट सरळ फाडलं, कागद माझ्यापुढे सरकवले. “दाखव, कुठे.”

आज सकाळी तो गेला. बाकीची सहा पाकिटं टेबलावर ठेवून गेला. फोड म्हणाला नाही, फोडू नको असंही म्हणाला नाही. मी अजून हात लावलेला नाही. पोहोचल्याचा त्याचा फोन अजून आलेला नाही.