जातो म्हणू नये

रेवदंड्यात आमच्या वाडीत आम्ही पाहुणे ठेवतो. मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी येतात, माडांच्या सावलीत लोळतात, माझ्या हातचं सुरमईचं कालवण ओरपतात आणि रविवारी जेवून निघतात. निघताना कुणी "जातो हं काकू" म्हणालं की मी त्याला गाडीच्या दाराशीच अडवते. जातो म्हणू नये, येतो म्हणावं. शिकलीसवरलेली माणसं हसतात, पण म्हणतात. हे मला चिडवतात, एक वेळ बिल सोडशील, पण हा शब्द सोडायची नाहीस.

माडीवरची समुद्राकडची खोली मात्र मी कधीच कुणाला दिली नाही. नाताळात लोक ओटीवर झोपायला तयार असतात, तरी नाही. ती आमच्या मुलाची खोली. एकुलता एक. जर्मनीत नोकरीला गेला तेव्हा म्हणाला होता, "चार-पाच वर्षं काढतो आणि येतो." येतो म्हणाला होता, मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्याची खाट, त्याचं कपाट, क्रिकेटची बॅट, सगळं जिथल्या तिथं. पडदे दर दिवाळीला मी स्वतः धुते. ती वर्षं कधीच उलटून गेली, पण मी त्याला आठवण करून दिली नाही. पोराच्या मागं लागलं की पोर आणखी लांब पळतं, असं माझी सासू म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला. आम्हा दोघांना लिस्बनला बोलावलं होतं. शुक्रवार ते सोमवार तोही आमच्याबरोबर राहणार, हॉटेल एकदम उंची, दाराशी गाडी, गाव दाखवायला खास आमच्यापुरती गाइड. लिस्बनच का, तर ह्यांचं जन्मभराचं वेड. रेवदंड्याच्या किल्ल्याचे पडके तट बघत हे मोठे झाले, तेव्हा ते तट बांधणारे पोर्तुगीज आले कुठून ते एकदा बघायचं होतं. विमानात मी ह्यांना म्हणाले, "एवढा थाट करतोय, म्हणजे परत यायचं पक्कं सांगणार बघा." हे म्हणाले, "तुझ्या तोंडात साखर पडो."

हॉटेल कसलं, चादरीवर बसायला भीती वाटावी. मी धंद्यातली बाई, आधी उशांचे अभ्रे उलटून बघितले, मग मोरीतले कोपरे. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, त्याचाच मला राग आला. खाली काउंटरवरच्या मुलीनं आमच्या हातात खोलीची किल्ली देताना कसलासा शब्द म्हटला आणि ह्यांनी कान टवकारले. मुलगा म्हणाला, "बाबा, ती चावीच म्हणतेय. शब्द त्यांचाच आहे." झालं. तिथून पुढं हे शब्दच वेचत फिरले. पाव सापडला, बटाटा सापडला. "सगळे आपले शब्द ढापून ठेवलेत," असं ते गाइडबाईला सुनावायचे, मुलगा ते इंग्रजीत सांगायचा आणि ती बिचारी हसून हसून बेजार व्हायची.

तिनं आम्हाला एकदा मोठ्या कौतुकानं त्यांच्याकडचं खास जेवण खाऊ घातलं. पांढरेशुभ्र रुमाल, तीन-तीन चमचे, आणि ताटात काय, तर खारवून सुकवलेला मासा. मी म्हटलं, "सातासमुद्रापलीकडं येऊन सुकी मासळीच खायची होती, तर आपल्या कोळीवाड्यानं काय घोडं मारलं होतं?" मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, लहानपणी थोपटायचे तसंच. फार सुखात होते मी तेव्हा. आता वाटतं, तिथूनच परत फिरायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी गाइडबाईनं आम्हाला टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात नेलं. खाली लाल कौलं आणि पुढं ती नदी, खाडीसारखी पसरलेली. हे तिच्याबरोबर तटाचे दगड चाचपत पुढं गेले. आम्ही दोघं मायलेक बाकावर टेकलो. वारा बोचरा होता, त्यानं स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला. मग समोर बघत म्हणाला, "आई, आता नाताळात तुमच्याकडे गर्दी होईल ना? वरची खोली देत जा पाहुण्यांना. उगाच बंद असते."

खोलीचं मला नंतर ऐकू आलं. आधी ऐकू आलं ते तुमच्याकडे. आजवर दर फोनला तो विचारायचा, आपल्याकडे पाऊस किती झाला, आपल्याकडचा हापूस लागला का. एकदासुद्धा त्याच्या तोंडून दुसरं काही आलं नव्हतं.

"आमच्याकडे होईल रे गर्दी," मी म्हणाले. "तुझ्याकडे कुठं?"

त्यानं जीभ चावली. मग मान खाली घालून सगळं सांगितलं. तिकडचं नागरिकत्व घेतलंय. घरही घेतलंय, छोटंसं. परत यायचं आता होणार नाही. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, समोर बसून सांगायचं होतं, म्हणून हे सगळं. "वर्षातून एकदा नक्की येत जाईन, आई."

"पाहुण्यासारखा," मी म्हणाले.

मला फार राग आला. त्याचा आला, त्या हॉटेलचा आला, गळ्यातल्या मऊ मफलरचासुद्धा आला. म्हटलं, "फोनवर सांगितलं असतंस तर निदान माझ्या स्वयंपाकघरात बसून रडले असते. इथं परक्या गावात ठेवणीतली साडी नेसून मी कुठं रडू?" तो माझा हात हातात धरून बसला. तेवढ्यात हे आले, तोंडभर हसत. "अगं, थेट आपल्या किल्ल्यासारखाच तट आहे." मग आमच्याकडं बघून तेही बाकावर टेकले. त्यांना सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "घरासमोर दोन झाडं लावण्यापुरती जागा आहे का रे?" नव्हती.

सोमवारी विमानतळावर त्याचं विमान आमच्या आधी होतं. तो ह्यांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. पाठीवर पिशवी टाकली आणि नेहमीसारखा म्हणाला, "आई, येतो."

जन्मात पहिल्यांदा मला तो शब्द सोसवेना. मी म्हणाले, "खोटं कशाला बोलतोस? जातो म्हण."

"अगं, असं काय," हे म्हणाले.

"म्हणू दे त्याला. खरं असेल ते म्हणू दे."

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. डोळे भरले होते त्याचे. लहानपणापासून गुणी पोर, आईचा शब्द कधी मोडला नाही, तोही मोडला नाही. हळूच म्हणाला, "जातो, आई."

माझा हात कसा गेला कोण जाणे. मी त्याचं तोंडच दाबून धरलं. लोक बघत होते, बघू देत. "जातो म्हणू नये," मी म्हणाले. "येतो म्हण. येतो म्हण रे बाळा."

माझ्या हाताआडूनच तो म्हणाला, "येतो."

मी म्हणाले, "ये."