पाताळपुरीचं गाऱ्हाणं

टीव्हीवर स्वतःची जाहिरात लागली की तात्या घाडी चपला काढून उभे राहत. आचऱ्याच्या बाजारात माझं केबलचं ऑफिस होतं. दर गुरुवारी अकराच्या सुमारास तात्या तिथे येत. मी खुर्ची पुढे करायचो, चहा सांगायचो. चहा ते घेत, खुर्चीला मात्र कधी शिवत नसत. जाहिरात संपेपर्यंत हात जोडून उभे, मग चपला पायात सरकवून एकच प्रश्न, "दिगू, पार्क कधी उघडता रे?" मी सांगायचो, "उघडेल तात्या, पावसानंतर." कुठल्या पावसानंतर, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

त्या जाहिरातीची चौकशी करणारे आजही भेटतात. गणपतीला मुंबईहून आलेली, पोट सुटलेली, कडेवर पोर घेतलेली मंडळी मला रस्त्यात अडवतात. "काका, ती पाताळपुरीची कॅसेट आहे का हो अजून?" कॅसेटला केव्हाच बुरशी आली, आमच्या हवेत दुसरं काय व्हायचं! पण त्यांना सगळं पाठ आहे. एक म्हणतो अस्वल निळं होतं, दुसरा म्हणतो काळं. माशाच्या तोंडाची भीती वाटून अंथरूण ओलं केल्याचं तिसरा हसत हसत कबूल करतो. मग सगळे मिळून "व्हय म्हाराजा" ओरडतात आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. जाहिरातीतल्या उघड्या अंगाच्या म्हाताऱ्याचं, म्हणजे तात्यांचं, पुढे काय झालं, हे त्यातल्या नव्या सुनांना आणि जावयांना ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एकोणीसशे नव्याण्णवच्या मे महिन्यात घाटावरचा एक शेठ आमच्या सड्यावर वॉटर पार्क काढायला निघाला. सडा म्हणजे कातळाचं माळरान, जिथे गुरंसुद्धा तहानेने खाली उतरतात. तिथे हा माणूस पाण्याचे खेळ मांडणार होता. नाव ठेवलं पाताळपुरी. जाहिरात करायला त्याने मला बोलावलं, कारण पंचक्रोशीत लग्नाचं शूटिंग करणारा कॅमेरा माझ्याकडेच होता. तयार झालेलं होतं काय, तर सिमेंटचा एक अगडबंब देवमासा. त्याचं तोंड उघडं आणि तोंडातून बाहेर आलेली फायबरची लांबलचक लाल जीभ. त्या जिभेवरून पोरांनी घसरायचं. शूटिंगपुरतं पाणी टँकरने आणलं होतं. शिवाय एक माणूस अस्वलाच्या पोशाखात होता. पाताळात अस्वल कशाला, असं मी विचारलं, तर शेठ म्हणाला, पोशाख घरात पडून होता. दुपारी उन्हाने ते अस्वल घेरी येऊन पडलं. तोही तुकडा मी जाहिरातीत ठेवला, कारण रीळ वाया घालवणं मला जमत नाही. शेवटी शेठ स्वतः कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणायचा, "पाताळपुरी! एकदा आत आलात की बाहेर येणार नाही!" पोरं घाबरतील नाही तर काय?

आपल्या भागातलं काहीतरी हवं म्हणून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी देवासमोर उभा राहून साऱ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात. हा मान घाडींच्या घरात पिढ्यानपिढ्यांचा. तात्या तेव्हा साठीला आलेले. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की देवळात बोलले तर खाडीपलीकडे कळावं. शेठने त्यांना समजावलं, "आजोबा, खरं नको. नुसती ॲक्टिंग करा, दहा सेकंद."

"नाटक करूचा तर नाटकवाल्यांका बोलवा," तात्या म्हणाले. "माका गाऱ्हाणाच येता. कोणासाठी मागू तां सांगा."

"पोरांसाठी मागा," शेठ हसत म्हणाला.

तात्यांनी नारळ मागितला, पानं मांडली, दिशा बघितली आणि माशाच्या जबड्यासमोर उभं राहून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ह्या सड्यार परमुलखातलो एक गृहस्थ इलो आसा. तेच्या हातून जां काय घडतला, तां गोड मानून घी. आणि आमच्या गावातल्या पोराटोरांका, गरिबाच्या काय नि श्रीमंताच्या काय, सगळ्यांका ह्या पाण्यात एकदा तरी खेळाक मिळां दी रे म्हाराजा!" मी "कट, कट" म्हणून हात हलवत होतो. ते थांबले नाहीत. नंतर मला झापलं, "गाऱ्हाणा अर्ध्यार सोडतत काय रे?" होकार भरायला उभे केलेले मजूर परप्रांतातले, त्यांना काहीच कळेना. तेव्हा कॅमेऱ्यामागून मीच "व्हय म्हाराजा" ठोकून दिलं आणि घरी येऊन तोच आवाज पाच वेळा जोडला.

पुढचं कोणीही सांगेल. पहिल्याच पावसात पार्कची भिंत बसली. पाणी लागलं नाही ते नाहीच. शेठ मशिनं उचलून गेला, मासा तोंड वासून सड्यावर राहिला. जाहिरात मात्र मी चालूच ठेवली. दोन सिनेमांच्या मध्ये लावायला माझ्याकडे दुसरं होतं काय? पोरं ती बघत, अस्वलासारखी पडून दाखवत, "व्हय म्हाराजा" करत शाळेत जात. वर्षभरात त्यांनी पार्कचा नाद सोडला. तात्यांनी सोडला नाही.

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटायच्या आधी मच्छीमार मंडळी नारळ घेऊन देवळात जमली. तात्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माजा एक गाऱ्हाणा देवाच्या दारात अडकान पडला हा. तां पुरा होयसर दुसरा घालूचंय नाय." लोकांना आधी थट्टा वाटली, मग रागच आला. होड्या काय पाताळपुरीसाठी थांबणार होत्या? गावकरांची, म्हणजे गावच्या मानकऱ्यांची, बैठक बसली. तात्यांनी सेवा टाळली तर मान त्यांच्या हातून जाईल आणि पुतण्याकडे, महादेवकडे दिला जाईल, असं ठरलं. ज्याच्या बापाने, आज्याने, पणज्याने देवासमोर तोंड उघडलं, त्याच्यासाठी ही शिक्षा लहान नव्हती. तात्या ऐकून घेऊन उठले आणि थेट माझ्या ऑफिसात आले.

मी वैतागलो होतो. "तात्या, अहो ती जाहिरात होती!"

"जाहिरात तुजी. गाऱ्हाणा माजा."

"पण देवाला कळत नाही का, शेठ पळाला ते?"

"देवाक सगळा कळता. म्हणानच माका भय," ते म्हणाले. मग माझ्याकडे रोखून बघत, "आणि रे, व्हय कोण बोललो? पाच येळा बोललंस. व्हय म्हणणारो सुटता, असा तुका कोणी सांगल्यान?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला तात्यांचा संताप आला होता. पाच वेळा आवाज जोडला म्हणून माणूस अडकतो? पण अडकलो खरा. पुढच्या वर्षी मान महादेवकडे गेला. महादेव बिचारा कागदावर लिहून आणून गाऱ्हाणं घालायचा. तात्या मागे खांबाला टेकून उभे राहत, आणि तो चुकला की त्यांचे ओठ हलत. ते बघवेना, म्हणून मीच एकदा म्हणालो, "चला, शेठला गाठू."

एसटीने कोल्हापूर गाठलं. शेठने आता फर्निचरचं दुकान टाकलं होतं. तात्या दुकानात शिरताना चपला बाहेर काढून आत गेले आणि कचेरीत बोलायचं ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, आपण पार्क कधी उघडणार आहात?"

शेठ खो खो हसला. "आजोबा, अहो ती ॲक्टिंग होती!"

"आपली असेल. माझी नव्हती."

हसणं थांबलं. मग तात्यांनी, मला एका शब्दाने आधी न सांगता, मागितलं, "पार्क होत नसेल तर त्या माशाची जीभ आम्हाला द्या." शेठने बिनतक्रार चिठ्ठी लिहून दिली. बहुधा हा म्हातारा दुकानातून जावा एवढंच त्याला हवं होतं.

जीभ मिळाली, पण सड्यावरून खाडीपर्यंत आणायची कशी? तात्या रापणवाल्यांकडे गेले. समुद्रातून चाळीस-पन्नास माणसं दोन्ही टोकांनी दोर ओढून जाळं किनाऱ्याला आणतात, ती रापण. "मासो मोठो आसा, पण वाळयेत नाय, सड्यार आसा," एवढं त्यांनी सांगितलं. तात्यांवर रागावलेलीच ती माणसं, पण दोर ओढायला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. दोन सकाळींत त्यांनी जीभ तीन तुकड्यांत उतार उतरवून खाडीच्या धक्क्यावर आणली. तिला भेगा पडल्या होत्या. जामसंड्याचा एक कारागीर फायबरच्या होड्या दुरुस्त करायचा. त्याला आणायला आणि तो रिकामा होण्याची वाट बघायला आणखी एक वर्ष गेलं. लाकडी मांडव, शेतीचा डिझेल पंप, खाली भरतीचं पाणी असा सगळा घाट जमेपर्यंत दोन हजार पाच उजाडलं.

तोवर ती पोरं पोरं राहिली नव्हती. पण तात्यांनी घरोघर फिरून जाहिरात बघितलेल्यांची नावं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवली होती. गणपतीला सगळे घरी येतात, म्हणून सहाव्या दिवसाची भरती धरली. धक्क्यावर हीऽऽ गर्दी. मिसरूड फुटलेले मुलगे, कॉलेजात जाणाऱ्या मुली, सगळे लाजून एकमेकांना ढकलत होते. लहान पोरं मध्येच घुसायला बघत होती, त्यांना तात्या अडवत होते. "थांबा रे. आधी ज्येंच्यासाठी मागितला ते." पहिला गेला दाढीवाला एक ट्रक ड्रायव्हर. पाण्यातून वर आला तो लहान मुलासारखा किंचाळतच. मग कोणी थांबेना.

तात्या एकेक नाव वाचत होते. वाचता वाचता म्हणाले, "नंदू सुभद्रेचो."

साऱ्यांच्या माना मागे वळल्या. मासे विकणारी सुभद्रा टोपली बाजूला ठेवून तिथेच उभी होती. तिचा नंदू तीन वर्षांपूर्वी मेंदूतल्या तापाने गेला होता. ती हळूच म्हणाली, "तो नाय हो, तात्यानू."

"ठावक आसा गो बाय. पण तेच्यासाठीय मागितलेला मी. तेचा नाव गाळून फुडे कसो जाव?" आणि पंपावरच्या माणसाला म्हणाले, "पाणी सोड."

पाणी रिकाम्या जिभेवरून वाहत खाली गेलं. एका मुलाला लागेल तेवढा वेळ तात्यांनी ते वाहू दिलं. सुभद्रा पाण्याकडे बघत होती. मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि स्वतःच म्हणाली, "वाचा आता फुडचा." मी रडलो, लपवत नाही.

यादी संपल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू?" मी पॅन्टशर्टात, पोट घेऊन, साऱ्या गावासमोर त्या जिभेवरून गेलो. पोरांना आयुष्यभर पुरेल एवढं हसू मिळालं. मी चिखलातून वर येईपर्यंत तात्या देवळाच्या दिशेला तोंड करून उभे होते. "बा देवा म्हाराजा, मागितलेला पावला. आता कोणाचा काय अडला नाय." साऱ्या धक्क्याने होकार भरला. या खेपेला मला आवाज जोडावा लागला नाही.

मान मात्र त्यांना परत मिळाला नाही. महादेव द्यायला तयार होता, तात्यांनीच घेतला नाही. "तू चुकता चुकता शिकलंस. मगे आता कित्याक सोडतंस?" म्हणाले. त्याच्या हातातला कागद तेवढा काढून घेतला.

दोन हजार दहात तात्या अंथरुणाला खिळले. आवाज बसला होता, कान लावून ऐकावं लागे. एका संध्याकाळी महादेव नारळ घेऊन आला आणि उशाशी उभा राहिला. मी पायाशी होतो. "बा देवा म्हाराजा, आमच्या तात्यांका ह्या दुखण्यातसून उठवन..."

तात्यांनी हात वर केला. "थांब. जां होवचा नाय, तां मागू नको. पुरा तुका करूचा लागतला."

महादेवचा चेहरा पडला. "मगे काय मागू, तात्या?"

तात्यांनी त्याला खाली वाकायची खूण केली. "धक्क्याची खालची पायरी सुटली हा. बायकामाणसां पडतत. ती बसां दी म्हणान माग. आणि घमेला घेवन तूच जा." मग मान माझ्याकडे वळवली आणि वाट बघत राहिले.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

तात्या पहाटे गेले. त्यांना पोचवून आल्यावर तिसऱ्या दिवशी, ओहोटीची वेळ बघून, महादेव आणि मी धक्क्यावर सिमेंट कालवत होतो.