कळीतली माशी

निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ मास्तरांनी जन्मात एकच वंश स्थापन केला, तोही बायकोच्या नावाने. वंश म्हणजे जवळच्या जातींचं घराणं. लग्नाला बरीच वर्षं उलटली तरी बायकोच्या अंगावर गुंजभर सोनं चढलं नव्हतं. तेव्हा मास्तरांनी उष्ण जंगलातल्या एका झुडपाला तिचं नाव लॅटिन शेपूट लावून दिलं आणि दागिन्यांचा विषय मिटवला. "सोनं काय, चोरही नेतो," असं ती आल्यागेल्याला ऐकवी. घरातही मास्तर तिला त्याच शेपटाच्या नावाने हाक मारत.

झुडपाचं सारं वेगळेपण त्याच्या जाड, गुबगुबीत, न उमलणाऱ्या कळ्यांत होतं. पंचाईत अशी, की पुढे तिथे सापडलेल्या प्रत्येक झुडपाच्या कळ्या सडपातळ निघाल्या आणि मुकाट उमलल्या. तसली झुडपं शेजारच्या जुन्या वंशात ढिगाने होती.

शेवटी वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयातून बोलावणं आलं. तिथली प्रमुख मास्तरांचीच विद्यार्थिनी.

"सर, ज्यावरून तुम्ही वंश ठरवला त्या मूळ नमुन्यावर एकच कळी उरलीय. उघडावी लागेल. मी उघडू?"

"माझी कळी मीच उघडतो. हात कापतो तो चहाच्या कपाला, सुईला नाही."

कळी पाण्यात उकळून मऊ केली, भिंगाखाली घेतली. तेवढ्यात फोन वाजला आणि विद्यार्थिनी बाहेर गेली. मास्तरांनी सुईने पाकळी बाजूला सारली. आत पाय पोटाशी घेऊन एक चिमुकली माशी पडली होती.

अशा माश्या कळीत अंडं घालतात आणि कळी सुजते. मास्तरांनी हे वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं.

माशी सुईच्या टोकावर सहज आली. रुमालाला पुसली असती तर नुसत्या जाड पाकळीवर आणखी दहा वर्षं वाद घालता आला असता. तेवढी वर्षं दोघा नवराबायकोंना पुरली असती. मास्तरांनी रुमाल काढलासुद्धा.

"काय निघालं, सर?" ती दारात उभी होती.

मास्तरांनी माशी परत कळीत ठेवली आणि रुमालाने चष्मा पुसला. "सूज," ते म्हणाले. "घराणं वगैरे काही नाही."

संग्रहालयात नमुन्यावरची जुनी नावाची चिठ्ठी काढत नाहीत, नवी शेजारी लावतात. जुन्या वंशाचं नाव लिहिलेली नवी चिठ्ठी मास्तरांनी स्वतःच्या हाताने चिकटवली. जरा तिरकी बसली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी माशीच्या जिवावर मिरवत होते?"

"तुझं नाव खोडलेलं नाही गं. कागदावर आहे."

"पण कोणी वापरणार नाही."

"नाही."

"आणि रुमाल काढलाच होता, तर माशी त्यात पुसून खिशात टाकता आली नाही?"

ती आत गेली.

संध्याकाळी चहाच्या वेळी हाक त्यांच्या ओठांवर आली, तीच, शेपटाची. ती गिळून ते नुसतं "अगं" म्हणाले.

आतून ओ आली नाही.