न्हाणमावशीचे विसण

न्हाणमावशीला माणसे तोंडावरून आठवत नसत, पाठीवरून आठवत. एकदा देवासला माताजीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर आम्हाला एका मोठ्या घरची सून भेटली. नथ, शालू, मागे दासी. "ओळखलं का मावशी?" म्हणून तिने हसून विचारले. मावशी नुसती बघत राहिली. सून बिचारी पुढे निघाली, चार पायऱ्या चढली, आणि मावशी खालून ओरडली, "अगं हो हो! डावा खांदा वर, उजवा खाली! तू चिमी ना गं? लहानपणी खरजेनं भरली होतीस ती!" दासीने तोंडाला पदर लावला. मी शरमेने मेले. ती सून काही मागे वळली नाही.

मावशी आमच्या नात्याची नव्हती. तिचा नवरा आणि माझे वडील दोघे दरबारच्या पागेत. घोड्याची लाथ पोटात बसून तो गेला तेव्हा मावशी विशीत होती, पदरी मूल नव्हते. आमच्या मागच्या खोलीत ती राहायला आली आणि न्हाऊ घालायचे काम करू लागली. बाळंतिणीला, बाळाला, आजारातून उठलेल्याला; आणि आळीत कुणी बाई गेली की तिला शेवटचे. बाळंतिणीसाठी तिला पुढच्या दाराने बोलावत, मेलेलीसाठी मागच्या. ती म्हणायची, "अंग तेच, हात तेच. दार तेवढं बदलतं."

तिचे स्वतःचे अंग तिशीनंतरच कुरकुरू लागले होते. रोज उकिडवे बसून पाणी घालायचे, ओले लुगडे अंगावर वाळवायचे. आमच्या देवासात तेव्हा दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. मावशीने आपल्या गुडघ्यांना तीच नावे दिली होती. उजवा थोरली पाती, डावा धाकटी. सकाळी ओट्यावरून उतरताना ती मध्येच थांबायची.

"काय झालं गं?" आई विचारी.

"थोरलीचा हुकूम आलाय उतरायचा. धाकटीकडून अजून कागद आला नाही."

मंदिरात कीर्तन असले की आम्ही बायका खांबाआड बसत असू. बुवा देह नश्वर आहे असे सांगू लागले की मावशी माझ्या कानाशी पुटपुटे, "नश्वर आहे ते ठाऊक आहे हो. तोवर मूळव्याधीचं काय करायचं ते सांगा की." हसू दाबून माझ्या पोटात कळ यायची. पण ती हसत नसे. तिने फार अंगे पाहिली होती. कुणाच्या पायाला न भरणारी जखम, कुणाची बाळंतपणात खाली आलेली कूस, कुणाचे दात हलता हलता तोंड सुजलेले. या बाया चारचौघींत नटून बसत आणि न्हाणीघरात मावशीपुढे रडत. "सगळ्यांच्या पदराखाली काहीतरी दुखतंय पोरी," ती म्हणायची. "कुणाचंच अंग धड नाही. मी मोजायचं सोडलं."

मी जन्माची लाजाळू. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण मास्तरांनी विचारलेले येत असूनही उभे राहून बोलता यायचे नाही म्हणून घरी बसले. शहाणी झाले तेव्हा दोन दिवस कुणाला सांगितले नाही, डागाचे परकर कडब्याच्या गंजीत लपवले. मावशीने ते शोधून काढले आणि मला न्हाणीत ओढले.

"लाजतेस कुणाला? तू आलीस तेव्हा पहिला हात माझा लागला तुला. तेव्हा काय शालू नेसून आली होतीस?"

मी रडायला लागले. मग तिने मला गरम पाण्याने शेकले आणि हळू आवाजात म्हणाली, "अंग लपवू नये गं. लपवलं की तेही आपल्याशी चोरून वागतं."

तिचा एकच नियम कडक होता, तो विसणाचा. आमच्यात आंघोळीला आधी ऊन पाणी घंगाळात ओततात, मग त्यात बेताचे होईपर्यंत गार घालतात. त्या गार पाण्याला विसण म्हणायचे. उलटे, म्हणजे आधी गार आणि वरून ऊन, फक्त मेलेल्या माणसाला. मी लहान असताना एकदा घाईत उलटे केले तर तिने माझ्या हातावर फाडकन मारले, सगळे पाणी मोरीत ओतले, हंडा पुन्हा चुलीवर चढवला. मला वाटायचे एवढे काय त्यात? पाणी तेवढेच, ऊबही तेवढीच. तिला म्हणायची छाती नव्हती.

प्लेगच्या साली गाव रिकामे करून आम्ही सगळे सोनकच्छच्या रस्त्याला शेतात झोपड्या घालून राहिलो. माझे लग्न होऊन मी धारला गेले होते आणि पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. त्या झोपडीत मला मुलगा झाला. न्हाणीघर कुठले? पाणी उघड्यावर तापत होते. आमच्यात मेलेल्याचे पाणी घराबाहेर तापवतात, म्हणून आई सारखी कळवळायची, "असं उघड्यावरचं पाणी बाळाला नको गं घालू." मावशी म्हणाली, "कुठं तापलं त्याला काही नाही. आधी कुठलं पडलं त्याला आहे."

बाळ नवव्या दिवशी प्यायचे थांबले. अकराव्या दिवशी सकाळी ते माझ्या मांडीवर होते आणि गार लागत होते. मावशीने त्याला माझ्याकडून घेतले. मी तिच्या हाताकडे बघत होते. आता ती आधी कुठले पाणी ओतते त्यावरून मला कळणार होते. विचारायची ताकद माझ्यात नव्हती. तिने ऊन ओतले. मग विसण घातले. कोपर बुडवून पाहिले. पायांवर बाळ आडवे घेऊन तिने त्याला रोजच्यासारखे न्हाऊ घातले, मान सांभाळून, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरून. मला वाटले, आहे. अजून आहे. माझ्या छातीत दूध भरून आले. मग तिने त्याला पुसले आणि आईकडे न देता वडिलांकडे दिले, तेव्हा मला समजले.

तीन दिवस माझे दूध थांबत नव्हते. अंगाला कुणी सांगितलेच नव्हते की बाळ गेले. चोळी भिजायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. मावशी दूध पिळून काढायची, कोबीसारखी घट्ट झालेली छाती शेकायची. तेव्हा एकदा मी विचारले, "तेव्हा तू त्याला जिवंताचं पाणी का घातलंस?"

तिने शेकायचे फडके पुन्हा ऊन पाण्यात बुडवले. मग म्हणाली, "अकरा दिवसांचं पोर. त्याला कुठं ठाऊक होतं गेलो ते." आणि मग, "तुला एक सांगून ठेवते. माझी वेळ आली की मला तू न्हाऊ घाल. मेल्यावर कोणीही धुवा, त्याचं मला काही नाही. पण जीव आहे तोवर एकदा जिवंतासारखं घाल. मी हजार जणींना घातलं, मला कुणी घातलं नाही."

मी हो म्हटले. हात हातात घेऊन म्हटले.

पुढे माझी कूस पुन्हा उजवली नाही. मी धारला, मावशी देवासला, अशी वर्षे गेली. आई-बाबाही राहिले नाहीत. मग एक दिवस कार्ड आले. शेजारच्या कुंभारणीने कुणाकडून तरी हिंदीत लिहवून पाठवले होते. मावशीचे अंग लुळे पडले आहे, तुमचे नाव घेते, लवकर या.

लवकर या. आणि मला सासूबाईंना विचारायला चार दिवस लागले. रोज ठरवायची, भाकऱ्या झाल्यावर विचारू, जेवणे झाल्यावर विचारू. आणि मग भांडी घेऊन बसायची. पाचव्या दिवशी धाकट्या जावेनेच कार्ड त्यांच्यापुढे नेऊन ठेवले. "परक्या बाईसाठी एवढं?" सासूबाई म्हणाल्या, पण जाऊ दिले. धारहून इंदूर, इंदूरहून देवास. टांग्यात सगळी वाट मी ते चार दिवस उलटे मोजत होते.

कुंभारीण दारातच भेटली. "आई गी बई? दस दन से थारी बाट देखे हे. न्हलाणे की हिम्मत म्हारी नी हुई." तिला वाटत होते की आजचा दिवस काही मावशी काढत नाही, म्हणून तिने अंगणात तीन दगड मांडून हंडा चढवून ठेवला होता.

आत वास होता. दहा दिवस अंगाला पाणी नाही, आणि पाठीला पडून पडून जखमा झालेल्या. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या बाजूला टेकले. तिने डावा हात मागे आणला, चाचपत माझ्या पाठीवरून फिरवला.

"हाडं लागतात," ती म्हणाली. शब्द तोंडातून अर्धेच बाहेर येत होते. "खात नाहीस."

मी तिला या कुशीवर वळवले. उजवे अंग निर्जीव होते, तोंडही एका बाजूला ओढलेले. तिने चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि चांगल्या ओठाने म्हणाली, "थोरली पाती... खालसा झाली."

मला रडू आले, हसू आले, काय आले ते सांगता येत नाही. म्हटले, मावशी, मी आले, आता तुला न्हाऊ घालते. घंगाळ तिच्या जवळच होते, कुंभारणीने त्यात निम्मे पाणी भरून ठेवले होते. वास सहन होईना. लवकर करावे, तिला लवकर ऊब मिळावी, एवढेच डोक्यात. मी अंगणातून हंडा उचलून आणला आणि त्या गार पाण्यात वरून ऊन ओतले.

मावशी बघत होती.

"मी गेले का गं?" तिने विचारले.

ती थट्टा करत नव्हती. अर्धे अंग तिला लागतच नव्हते. तिला खरोखर ठाऊक नव्हते, आणि ते ती माझ्याकडून जाणून घेत होती. जन्मभर जिने दुसऱ्यांना पाण्याने सांगितले, तिला मी पाण्याने असे सांगितले होते.

"नाही मावशी, नाही, आहेस, चुकले मी," असे म्हणत मी घंगाळ ओढत नेऊन अंगणात उपडे केले. धावत विहिरीवर गेले, हंडा भरून आणला, चढवला. लाकडे ओली होती. मी फुंकत होते, धूर डोळ्यांत जात होता, पाणी तापत नव्हते. आतून कुंभारणीने हाक मारली. मी उठले नाही. पाणी तापल्यावरच आत गेले.

कुंभारीण डोळ्याला पदर लावून उभी होती. म्हणाली, आता आधी गार घाल, आता तसेच घालायचे. मी "नाही" म्हटले. एवढ्या मोठ्याने की बाहेर जमलेले लोक गप्प झाले. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने काही बोलले नव्हते. मी रिकाम्या घंगाळात ऊन ओतले, मग विसण घातले, कोपर बुडवून पाहिले, आणि तिला न्हाऊ घातले. पाठीच्या जखमा हळू धुतल्या. दुखेल म्हणून.

पण ते तिने मागितले होते ते नव्हते. तिला जिवंत असताना हवे होते. मी मनाची कितीही समजूत घातली तरी तिचे शेवटचे बोलणे म्हणजे तो प्रश्न, आणि त्याचे उत्तर तिने ऐकले की नाही हे मला कधीच कळणार नाही.

हे सगळे मी आता लिहिते आहे कारण माझ्या डाव्या काखेखाली गाठ आहे. आषाढात हाताला लागली तेव्हा बोराएवढी होती. आता सुपारीहून मोठी आहे, आणि त्या बाजूचा हात वर जात नाही. कुणाला सांगितले नाही. दवाखान्यात डॉक्टर पुरुष. घरी कुणाला सांगू? रात्री ती ठणकते आणि मी देवाला विचारते, असे कसे रे अंग दिलेस, ज्याला एवढे दुखते आणि ज्याच्याविषयी एवढे बोलता येत नाही? मावशीच्या हाताखालून मी एकदा जरी गेले असते तरी तिला बोटाला कळले असते.

हात चालेना म्हणून महिनाभर धाकटी जाऊ माझे आंघोळीचे पाणी काढते. मी पाटावर बसते, ती ओतते आणि जाते. आज सकाळी तिने आधी गार ओतले. मला आवाजावरूनच कळले. मग तिने हंडा उचलला.

"उलटं," मी म्हटले.

"काय बाई?"

"आधी ऊन. मग विसण. मी आहे अजून."

ती गोंधळली. तिच्या माहेरी माळव्यातल्या चालीरीती सगळ्या मिसळून गेलेल्या, तिला हे ठाऊक नव्हते. "आमच्याकडे तर कसंबी टाकतात बाई," म्हणाली. पण पाणी ओतून दिले आणि पुन्हा काढले, आधी ऊन, मग गार, माझ्याकडे बघत बघत. निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. तिचा हात मी पदराखाली नेला.

तिची बोटे गाठीशी येऊन थांबली.

"बाई," ती म्हणाली. "कधीपासून?"

मी म्हटले, "आधी पाणी घाल. निवतंय."

ती खाली बसली. तिने कोपर बुडवून पाहिले नाही, तिला ते कुणी शिकवलेले नाही. पण पहिला तांब्या पाठीवर पडला तेव्हा पाणी बेताचे होते.