पडद्याबाहेरचं स्टूल

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या नऊ वर्षांच्या अन्वीची चड्डी धूत होते. सव्वा महिना झाला, अजून धुतेच आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. नगरला एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात जन्मभर नर्स होत्या. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा हात धरला. खरोखर धरला... अन्वीवर उगारलेला होता ना! तिच्या कपड्यांना सारखी शी लागायची, वास येतो म्हणून शाळेतून घरी पाठवायचे. मला वाटायचं, कार्टी मुद्दाम करते. वर पातळ दिसतंय म्हणून मी जुलाब थांबवायच्या गोळ्या चारत होते. काय म्हणावं माझ्या अकलेला! "अगं, जुलाब कसले? पोट दाबून बघ. आत शीचा खडा अडकलाय, त्याच्या कडंनं गळतंय. तिला कळत बी न्हाई," आक्का म्हणाल्या. डॉक्टरांकडे त्यांनीच नेलं. पाण्यातून घ्यायची पावडर, जेवल्यावर दहा मिनिटं बसणं, पायाखाली पाट, आणि महिनोन् महिने धीर. रागवायचं नाही, हेही औषधातच.

पण पोरगी बसेल तर ना! आमच्या गावात घरांना दारं नसतात, देव राखतो अशी रीत. संडासालाही नुसता पडदा. कधीतरी ती आत असताना पोरांनी तो ओढला होता, तेव्हापासून अन्वी दाबून धरायची. हे तिनं आत्याला सांगितलं, मला नाही. आक्कांनी संडासाला दार मागितलं, तर भावकी तुटून पडली, "एका पोरीपायी देवाचा कोप वढवून घ्यायचा व्हय?" नवरा गप्प. मीही गप्पच. मग आक्कांनी प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या. "बस गं बाई. मी हाय ना दार." रोज दोन वेळा, वर्षभर, दुखऱ्या गुडघ्यांनी. अन्वी कोरडी राहू लागली, शाळेत रमली. आक्का आजारी पडून दवाखान्यात गेल्या आणि सगळं पुन्हा सुरू झालं.

दहाव्याला तीच भावकी म्हणाली, "देवमाणूस गेला." तोंडावर थुंकावंसं वाटलं... पण मीही त्यांच्यातलीच.

आता स्टुलावर मी बसते. काल आतून आवाज आला, "आई, तू जा."

"का गं?"

हळूच, "मला तुझी भीती वाटते. आत्याचं स्टूल तेवढं राहू दे."

मी उठले. स्टूल तिथंच आहे.