मुंडकं कोणी धरलं

माझ्या ओळखीचं एक भूत आहे आणि ते भर दुपारी येतं. जेवणं आटोपलेली असतात, भांडी घासून पालथी घातलेली असतात, मी खिडकीशी टेकून जरा डोळे मिटते, आणि पापण्यांच्या आत तो दिसतो. उकिडवा बसलेला, हसत. चेहरा लख्ख उजळलेला, मिशी पांढरी, दात काळे, डोक्याचा फेटा कोळशासारखा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हे भूत माझ्याच हातचं आहे, तेव्हा विश्वास ठेवा न ठेवा, त्याची सोय मलाच बघावी लागते.

अमरावतीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत आमचे हे फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, मी रिटचिंग करायची. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघत. प्लेटवर सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. बारीक सुरीनं प्लेटवरचा मसाला खरवडला की फोटोत तिथे काळोख येतो, आणि टोकदार पेन्सिलीनं भरलं की तिथे उजळ होतं. एवढंच ते शास्त्र. बाकी सगळा हात आणि डोळे. हे स्वतः म्हणत, फोटो मी काढतो पण गिऱ्हाईक हिच्यामुळे येतं. हे त्यांनी चारचौघांत कधी म्हटलं नाही ही गोष्ट वेगळी.

आमचं निम्मं काम लग्नाच्या मुलींचं. एकीचे देवीचे व्रण बुजवा, दुसरीचा तिरळा डोळा सरळ करा. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मूर्तिजापूरच्या एक विहीणबाई तणतणत आल्या. म्हणाल्या, "फोटोतली पोरगी कुठं हाय? घरी आली ते दुसरीच हाय!" मी म्हटलं, "बाई, तुमच्या मुलाचाही फोटो मीच केला होता. तिकडची मंडळी अजून भांडायला आली नाहीत." त्या आल्या पावली गेल्या. तोंडाची मी तेव्हाही फटकळच होते, आणि कामाचा गर्व होता. तो गर्व इथे सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या काळी मेळघाटात वाघ मारायचे परवाने मिळत. संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका शिकार कंपनीचा माणूस जीप घेऊन स्टुडिओच्या दारात उभा राहिला. अमेरिकेहून साहेब आणि मडम आले आहेत, शिकारीचा मोठा फोटो हवा आहे, कॅमेरा घेऊन चला. हे गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले ते डोळे विस्फारूनच. सेमाडोहच्या पलीकडे नदीकाठी तंबू, तंबूत गालिचा, न्हाणीला पितळेचा टब आणि वाघाच्या रानात रोज सकाळी त्यात गरम पाणी. जेवायला पांढऱ्या चादरीचं टेबल, त्यावर फुलं. बर्फ अमरावतीहून भुशात घालून जाई. आमच्या घरी तापात कपाळावर ठेवायला बर्फ मिळायची मारामार, आणि तिकडे तो सरबतात.

साहेब चारदा आफ्रिकेला जाऊन आले होते. सिंह झाले, हत्ती झाले. पण आता तिकडे फार गर्दी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं होतं कोणाला ठाऊक नसलेलं रान, परत गेल्यावर ज्याचं नाव सांगितलं तर जेवायला आलेल्या पाहुण्यांनी 'हे कुठं आलं?' म्हणून विचारावं असं. मेळघाट त्यांना फार पसंत पडला.

ह्यांनी प्लेट माझ्यासमोर ठेवली. मधे वाघ. एका बाजूला साहेब बंदूक टेकून, दुसऱ्या बाजूला मडम. आणि वाघाच्या मागे, दोघांच्या मधोमध, एक माणूस उकिडवा बसलेला.

"हा मागचा माणूस तेवढा काढून टाकजो," हे म्हणाले. "साहेबांना रान कसं, कोणी पाऊल न टाकलेलं दिसायला पाहिजे. परवा बडनेऱ्याहून त्यांची गाडी आहे. त्याआधी फोटो द्यायचा."

"मग वाघ काय, आपल्या पायानं येऊन त्यांच्यासमोर मेला?" मी म्हटलं.

"तुला होत नसेल तर तसं सांग."

मला होत नसेल! तिथेच मी फसले. कच्ची प्रत काढून बघायलाही थांबले नाही, प्लेट खिडकीच्या उजेडात लावली आणि बसले. माणूस होता कोरकू, तिथलाच आदिवासी, रंगानं काळासावळा, म्हणून प्लेटवर त्याचं अंग काचेसारखं उजळ होतं आणि पांढरा फेटा, पांढरं धोतर, दात हे सगळं काळं. मागे दाट झाडी. त्याचं जे जे पांढरं ते खरवडलं की तो आपोआप झाडीच्या काळोखात जाणार होता. दोन दिवस लागले. आधी धोतर गेलं. मग फेटा, धाग्या धाग्यानं. दात सगळ्यांत शेवटी, कारण वाघाच्या कानाला लागूनच ते होते आणि सुरी घसरली असती तर कान गेला असता. मग पेन्सिलीनं फांद्या भरल्या, पानं भरली, त्याचे हात होते तिथे वाघाचे केस रेखले. फोटो धुऊन निघाला तेव्हा हे नुसते बघत राहिले. साहेबांनी म्हणे माझ्यासाठी बिस्किटांचा डबा पाठवला. मुलांनी तो दोन दिवसांत संपवला आणि डब्यात मी पुढे कितीतरी वर्षं डाळ ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचा खानसामा बर्फ न्यायला गावात आला होता, तो ह्यांना भेटला. बोलता बोलता म्हणाला, "वो फोटोवाला आदमी, शेर के पीछे बैठा था वो, गया, बाबूजी." एका पाहुण्यानं वाघ जखमी केला आणि तो गवतात शिरला. माग काढायला नेहमीप्रमाणे तोच पुढे होता. मागून बंदुका येईपर्यंत उरलं नाही काही.

हे मला त्यांनी जेवताना सांगितलं. मी भात कालवत होते. त्या दुपारी पहिल्यांदा तो माझ्या डोळ्यांत आला. मी त्याला माणूस म्हणून कधी पाहिलंच नव्हतं, फक्त काचेवर पाहिलं होतं, म्हणून आला तो तसाच आला, पांढऱ्या मिशीचा आणि काळ्या दातांचा. मी दचकून उठले आणि कपडे वाळत घालायला गेले. उन्हात गेलं की तो जात असे. पण रोज कुठवर उन्हात उभं राहणार?

त्यानंतर तीनेक वर्षांनी ती आली.

पहाटेच्या गाडीनं परतवाडा आणि तिथून अमरावती, असं करत बारा वाजता आमच्या दारात. तीस-बत्तीसची असेल. कडेवर मुलगी, चांगली तीन वर्षांची, चालता येत असून कडेवर. आमच्या पडद्यावर राजवाडा आणि तळं रंगवलेलं होतं, तळ्यात दोन हंस. मुलगी त्या हंसांकडे बघत राहिली. बाई बाजारात शिकलेल्या वऱ्हाडीत बोलली. "माया मानसाचा फोटू तुमी काढला होता म्हने. कॅम्पाच्या खानसाम्यानं सांगतलं. वाघासंगचा. थो पाह्यजे होता मले." मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हे पोटात होती तवा गेला थो. हिनं बाप पायलाच नाही. त्याचा दुसरा फोटूच नाही कोठी."

हे साधे गृहस्थ. "आहे ना, आहे," म्हणत लगेच कपाटाकडे गेले. प्लेटा ते कधी फेकत नसत. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. ह्यांना ओरडून सांगावं की नका काढू, पण तिच्यासमोर ते कसं सांगणार? तासाभरानं ते ओला फोटो घेऊन अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले, आणि उजेडात त्याच्याकडे बघून मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना आठवलं.

तोवर तिनं मुलीला खाली ठेवून हात पुढे केलेला होता.

मी चटकन पुढे झाले आणि खोटं बोलले. "बाई, हा फोटो काढला तेव्हा तुमचा माणूस तिथं नसेल. हाका घालून रान उठवायला लांब गेला असेल. दुसरा फोटो आमच्याकडे नाही."

तिनं ओला फोटो ह्यांच्या हातून घेतला. दोन्ही हातांनी कडेला धरून बघत राहिली. साहेबांकडे नाही, मडमकडेही नाही. वाघाकडेच बघत होती. मग तिनं मान वर केली.

"मंग मुंडकं कोनं धरलं?"

"काय?"

"मेला वाघ मान टाकते, बाई. थे मान अशी उभी राह्यत नाही. मांगून कोनाले तरी धरा लागते." तिनं हात वाकवून दाखवलं. "थे काम थोच करे. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नव्हता."

मी फोटोकडे बघितलं. चार वर्षं मी त्या फोटोचा तोरा मिरवत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. ह्यांना दिसलं नव्हतं, साहेबांना दिसलं नव्हतं. मेलेल्या वाघाचं भलंथोरलं डोकं कोणी न धरता हवेत उभं होतं.

मग मी सांगितलं. तो होता, मी खोडून काढला. ह्या हातानं.

"काहून?"

"साहेबांना नको होता."

"पुरा काढला?"

"पुरा."

"किती येळ लागला?"

"दोन दिवस."

ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं, मलाही खाली बसून रडता आलं असतं. पण ती ह्यांच्याकडे वळली. "तुमी तं पायला असन त्याले. कसा होता, सांगा ना हिले."

ह्यांनी डोकं खाजवलं. "तिथं तीस-चाळीस माणसं होती हो, बाई. मी तर वाघच पाहत होतो."

"मायाच डोयासमोर आता पुरा नाही येत," ती म्हणाली. हे ती ह्यांना सांगत नव्हती, मलाही नाही. "कदी नुसती चाल येते. कदी आवाज. तोंड आनाले गेली का मायाच भावाचं तोंड येते."

मी तिथेच, उभ्या उभ्या, डोळे मिटले. एरवी त्याला हाकलत असे, आज बोलावलं. तो आला, काळे दात काढून हसत. मी म्हटलं, "मिशी खाली वळलेली होती. टोकाला विरळ. हसताना वरचा ओठ एका बाजूनं जास्त उचलायचा. कानात बाळी होती, एकाच. आणि डाव्या भुवईत खाच होती, बोटभर. तिथं केस नव्हते."

ती एक पाऊल पुढे आली.

"डाव्या नाही," ती म्हणाली. "उजव्या."

आमच्या धंद्यातलं पहिल्या दिवशी शिकायचं ते मी विसरले होते. खरवडायचं ते मसाल्याच्या बाजूनं, आणि त्या बाजूनं डावं उजवं होतं, उजवं डावं. चूक माझी होती आणि माणूस खरा होता.

"अस्वलानं नख मारलं होतं," ती म्हणाली. आता ती भरभर बोलत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "आमचं लगन नव्हतं झालं तवा. मी भुललीच होती थे, बाई! रोज पाये आन भुलली कशी?" तिनं मुलीची उजवी भुवई बोटानं दाबली. "इथं. पाय, इथं होतं तुया बापाले." मुलीला काय कळलं कोण जाणे. ती आईचं बोट बाजूला करून पुन्हा हंसांकडे बघू लागली.

मी आणखी आठवून आठवून सांगितलं. कपाळावरच्या दोन रेघा, हनुवटीखालचे राठ खुंट, गळ्यातला दोरा. मी एकेक सांगायची आणि ती मान हलवायची. मधेच म्हणायची, "हो, हो." सगळं सांगून झालं तेव्हा ह्यांनी फोटो कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला आणि बाकावर ठेवला. "ठेवा तुमच्याजोळच. यात आमचं कोनी नाही."

उंबऱ्याशी ती थांबली. मुलगी कडेवर घेतली, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे वळून, रागानं नाही, नवल वाटून म्हणाली,

"दोन दिवस, बाई? एवढा येळ तं मी बी कदी नाही पायलं त्याले."

मग ती भर उन्हात मोटारस्टँडच्या रस्त्याला लागली.